साठीत कळलेला पेहराव

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात काही दिवसांपूर्वी एका ज्येष्ठ वाचकांनी असे मत मांडले होते की, साठी ओलांडलेल्या पुरुषांनी रंगीबेरंगी कपडे घालून मिरवणे वयाला शोभत नाही, फॅशन हा तरुणांचा आणि पैसेवाल्यांचा नाद आहे आणि सुसंस्कृत माणूस त्याच्या विचारांवरून ओळखला जातो, कपड्यांवरून नव्हे. पत्रलेखकांच्या वयाचा आणि अनुभवाचा पूर्ण मान राखून मला माझी असहमती नोंदवायची आहे. दीड वर्षापूर्वीपर्यंत मीही हेच बोलत होतो, जवळजवळ याच शब्दांत, आणि म्हणूनच माझे मत का पालटले हे सविस्तर सांगावेसे वाटते.

मी एका सहकारी बँकेतून निवृत्त झालो. छत्तीस वर्षांच्या नोकरीत अंगावर काय घालत होतो, असे कोणी विचारले तर मला आठवून सांगता येणार नाही. निवृत्तीनंतर कपाट आवरायला घेतले, तेव्हा त्यातून सतरा शर्ट निघाले. पांढरे, फिकट निळे आणि राखाडी असे तीनच रंग होते. सगळे पलंगावर मांडून पाहिले, तरी कोणता केव्हाचा हे मला ओळखता येईना, आणि लक्षात आले की त्यांतला एकही शर्ट मी स्वतः पसंत केलेला नव्हता. निम्मे लग्नकार्यांत आहेरात आलेल्या शर्टपीसचे शिवलेले होते आणि उरलेले ‘ऑफिसला चालून जातील’ म्हणून घरातल्यांनी आणलेले होते. शेजारच्याच कपाटात माझ्या पत्नीच्या साड्या होत्या. कोणतीही घडी उचलली तरी ती कोणाच्या लग्नातली, कुठल्या दुकानातली, रंगावरून कोणाशी वाद झाला होता, हे सगळे तिला मुखोद्गत होते. तिच्या साड्यांवर मी वर्षानुवर्षे ‘उगाच खर्च’ असा शेरा मारत आलो होतो, हे येथे लिहून टाकणे मला आवश्यक वाटते.

त्यानंतर महिनाभराने पुतण्याच्या लग्नासाठी एक शर्ट शिवावा म्हणून मी गणपती पेठेजवळच्या एका जुन्या टेलरकडे गेलो. मास्तरांनी मापे घेतली, वहीत आकडे मांडले आणि पेन्सिल थांबवून विचारले, “साहेब, शर्ट कसा पाहिजे?” मी म्हणालो, “नेहमीसारखा.” त्यावर त्यांनी अगदी सौम्यपणे एकेक गोष्ट विचारायला सुरुवात केली. कॉलर केवढी ठेवायची, तिच्यात कॅनव्हास कडक घालायचा की मऊ, कफ गोल हवा की कापलेला, खिसा ठेवायचा की नकोच, पाठीला प्लेट घालायची का, शर्ट खोचणार की बाहेर सोडणार आणि बाहेर सोडणार असाल तर खालचा घेर सरळ ठेवू का. यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. कर्जप्रकरणातली एखादी तारीख चुकली तरी ज्याला झोप लागत नसे, त्या माणसाला रोज दहा-बारा तास अंगावर असणाऱ्या वस्तूविषयी काहीच सांगता येऊ नये, याचे मला त्या दुकानात उभे असताना मनापासून वाईट वाटले.

मास्तरांनी मला आरशासमोर उभे केले आणि मी घालून गेलेल्या शर्टाची खांद्याची शिवण बोटाने दाखवली. ती खांद्याचे हाड संपते तिथे बसायला हवी होती, पण चांगली दीड इंच खाली, दंडावर उतरली होती. त्यामुळे काखेचा मुंढा खाली आला होता आणि हात वर केला की सबंध शर्ट पँटमधून वर ओढला जात होता. काउंटरवर बसून वरच्या फळीवरची लेजर काढताना मी आयुष्यभर शर्ट पुन्हा पुन्हा खोचत आलो, तो याच कारणाने. तो माझा स्वभाव आहे, अशी माझी समजूत होती. मास्तरांनी खडूने दोन्ही खांद्यांवर एकेक रेघ ओढली आणि म्हणाले, “डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे तुमचा. सगळ्यांचाच थोडा असतो. तयार शर्टाला ते कळत नाही.” माझ्या शरीराविषयी इतक्या बारकाईने, तेही कोणताही दोष न काढता, यापूर्वी कोणी बोलल्याचे मला आठवत नाही.

रंग निवडायची वेळ आली, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या मराठीत रंगांना किती नावे आहेत! अंजिरी, डाळिंबी, आमसुली, विटकरी, शेवाळी, मोतिया, बदामी, अबोली, मोरपंखी, चिंतामणी. आमच्या घरातल्या स्त्रिया ही नावे सहज वापरतात आणि एकमेकींना ती तत्काळ कळतात. आम्ही पुरुष मात्र ‘लाल’, ‘हिरवा’ आणि ‘डार्क’ यांवर भागवतो. जो शब्द कधी उच्चारलाच नाही, तो रंग दुकानात मागायचा तरी कसा? मी पत्नीला सोबत घेऊन गेलो आणि निवड मात्र माझी राहू दे, अशी तिला विनंती केली. मी आमसुली रंगाचे सुती कापड निवडले. ती एवढेच म्हणाली, “अहो, हा रंग तुम्हाला आवडतो हे मला चौतीस वर्षांत कळलं नाही.” तो मला आवडतो हे मलाही त्याच दिवशी कळले होते.

तो शर्ट घालून लग्नाला गेलो, तेव्हा काही नातेवाइकांनी टोकले. ‘निवृत्ती मानवलेली दिसते’ इथपासून ‘नवरदेव कोण आहे?’ इथपर्यंत बोलून झाले. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. मला सांगायचे आहे ते असे की, इतकी वर्षे मला कोणी काहीच म्हटले नव्हते, कारण माझ्या कपड्यांत म्हणण्यासारखे काही नव्हतेच. त्या दिवशी प्रथमच लोकांना माझ्या पेहरावात माझा काहीतरी अभिप्राय दिसला, आणि तो कोणाला पटला, कोणाला पटला नाही. विचारांवरून माणूस ओळखावा हे पत्रलेखकांचे म्हणणे मला मान्यच आहे. माझे एवढेच निवेदन आहे की, पेहराव हीदेखील विचार करण्याची आणि तो चारचौघांत मांडण्याची एक जागा आहे.

नव्याने शिकणाऱ्याच्या चुकाही मी केल्या. मोबाइलवर पाहून एक तयार जॅकेट, अरुंद पायांची पँट आणि टोकदार बूट असा सबंध जोड एकदम घेतला. प्रत्येक वस्तू चांगली होती, किंमतही बरीच पडली, पण ते घालून मी दिवाणखान्यात दहा मिनिटेसुद्धा मोकळेपणाने बसू शकलो नाही. मास्तरांना दाखवले तेव्हा ते म्हणाले की कपड्यात चूक काही नाही, पण तो दुसऱ्याच्या चालण्या-बसण्यासाठी कापलेला आहे. पूर्वी मी न बघता इतरांसारखा राहत होतो आणि आता बघून इतरांसारखा राहू लागलो होतो, एवढाच काय तो फरक पडला होता. ते जॅकेट मी भाच्याला दिले. त्याच्या अंगावर ते फार छान बसते.

कापड समजून घ्यावे म्हणून मी इचलकरंजीला गेलो. सांगलीपासून तासाभराच्या अंतरावरच्या या गावाला मी बँकेच्या कामानिमित्त अनेकदा गेलो होतो, यंत्रमागाची कर्जप्रकरणे तपासली होती, पण विणले जाणारे कापड हातात धरून कधी पाहिले नव्हते. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे सबंध गावाचे जगणे त्या खटखटाटावर उभे राहिले, हे मला कागदोपत्री ठाऊक होते. ओळखीच्या एका कारखानदारांनी मला वहिफणीचे काम दाखवले. मागावर चढवायच्या बीमचा, म्हणजे सूत गुंडाळलेल्या मोठ्या रुळाचा, एकेक उभा धागा हाताने वहीच्या (धागे वर-खाली करणाऱ्या मागाच्या चौकटीच्या) डोळ्यातून आणि मग फणीच्या दातातून ओवून घ्यावा लागतो. इंचाला ७२ धागे आणि ५८ इंच पन्हा धरला, तर एका बीमला चार हजारांहून अधिक धागे होतात. दोन कामगार समोरासमोर बसून, मान खाली घालून, फारसे न बोलता हे काम करत होते. एक धागा चुकला तर सबंध ताग्यावर उभी रेघ उमटते, असे त्यांच्यापैकी एकाने मला सांगितले आणि हात न थांबवता पुढचा धागा ओढला. सुताचा नंबर म्हणजे काय, हेही मी तिथेच समजून घेतले. ८४० वारांची एक लड, अशा चाळीस लडी मिळून एक पौंड भरल्या तर ते चाळीस नंबरचे सूत, आणि नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. आता दुकानात गेलो की कापड उजेडाकडे धरून पाहतो, मुठीत चुरगाळून सोडतो, कडेचा धागा ओढून बघतो. पूर्वी मी फक्त किमतीची चिठ्ठी बघत असे.

फॅशन हा पैसेवाल्यांचा नाद आहे, या विधानाकडे आता वळतो, कारण ते मला सर्वांत जास्त खटकले. माझ्या अनुभवाने खर्च वाढला नाही. पूर्वी सणासुदीला सवलत दिसली की दोन-तीन तयार शर्ट उचलले जायचे, आता वर्षाला दोनच शिवतो आणि ते टिकतात. पण हिशेबापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. आपल्या महाराष्ट्रात पेहरावाकडे सर्वांत गांभीर्याने कोणी पाहिले असेल, तर ते ज्यांना काय नेसावे आणि काय घालू नये हे इतरांनी पिढ्यान् पिढ्या ठरवून दिले होते त्यांनी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे जमलेल्या स्त्रियांना उद्देशून जे भाषण केले, त्यात त्यांनी लुगडे नेसण्याच्या पद्धतीचा आणि अंगावरच्या दागिन्यांचा मुद्दाम उल्लेख केला होता. ज्या खुणांवरून अस्पृश्य म्हणून ओळख पटते, त्या खुणा टाकून द्या, इतर स्त्रियांप्रमाणे पायापर्यंत लुगडे नेसा, गळ्यात-हातात ओझ्यासारखे दागिने घालू नका आणि कपडा फाटका असला तरी चालेल, पण तो स्वच्छ असू द्या, असा त्या सांगण्याचा आशय होता. त्या स्त्रियांनी तिथल्या तिथे नेसण्याची पद्धत बदलली, अशा आठवणी नोंदल्या गेल्या आहेत. पाण्याच्या हक्काइतक्या मोठ्या लढ्याच्या मध्यावर बाबासाहेबांना लुगड्याविषयी बोलावेसे वाटले, ते काही चैनीची गोष्ट म्हणून नव्हे. स्वतः त्यांनी सूट-कोट हा पेहराव जाणीवपूर्वक सांभाळला आणि गावोगावच्या त्यांच्या पुतळ्यांवर आजही तोच आहे. निळ्या कोटाकडे पाहून आपण कोण होऊ शकतो, हे ज्यांना उमगले, त्यांच्यासमोर ‘कपड्यांत काय आहे?’ असे म्हणण्याचे धाडस मी आता करणार नाही.

आणखी एक छायाचित्र मला या संदर्भात नेहमी आठवते. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना, ऑक्टोबर १८८५ मध्ये, तीन परदेशी विद्यार्थिनींचे एकत्र छायाचित्र काढले गेले. जपानच्या केइ ओकामी किमोनोमध्ये आहेत, सीरियाच्या साबात इस्लामबूली त्यांच्या देशाच्या वेशात आहेत आणि आनंदीबाई साडीत आहेत. वीस वर्षांची ती मुलगी समुद्रापलीकडे, कडाक्याच्या थंडीच्या गावात काय नेसावे याचा निर्णय रोज घेत होती आणि त्या निर्णयाकडे इथले सनातनी व तिथले शेजारी दोघेही डोळे लावून बसले होते.

हे लिहिताना माझे वडीलही डोळ्यांसमोर येतात. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांच्याजवळ दोन धोतरे, दोन सदरे, एक काळा कोट आणि टोपी एवढेच होते. रविवारी दुपारी ते स्वतः सदऱ्याला नीळ आणि खळ द्यायचे आणि तांब्यात निखारे भरून, तांब्याचा तळ ओल्या फडक्याने पुसून, इस्त्री करायचे. कॉलरीची टोके ते शेवटी करायचे आणि तेवढ्यासाठी निखारे नव्याने भरायचे. ‘साधी राहणी’ या शब्दांखाली आपण त्यांच्यासारख्यांना बसवतो, पण त्या कॉलरीच्या टोकांत जी इच्छा होती, ती काही साधी नव्हती. खेड्यातल्या शाळेत, गळक्या छपराखाली, मुलांसमोर आपण कसे उभे राहायचे हे त्यांनी ठरवले होते आणि दर रविवारी ते ती इच्छा निखाऱ्यांवर तापवून कापडावर उतरवत होते. मी बँकेत लागल्यावर त्यांनी मला एकदाच सांगितले होते, “कपडे बघून घेत जा.” मी त्याचा अर्थ ‘स्वस्त बघून’ असा घेतला.

माझ्या मुलीच्या बाबतीत माझ्याकडून जे घडले, ते लिहिल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. ती एकोणीस वर्षांची असताना तिने कॉलेजला जाण्यासाठी जुन्या इरकली लुगड्याचा, तिच्या आजीच्या, कुडता शिवून घेतला होता आणि खाली जीन्स घातली होती. लाल पदराचा भाग तिने बाह्यांना लावला होता. मी तिला दारातून परत पाठवले. लोक काय म्हणतील, आजीच्या लुगड्याची ही काय दशा केलीस, असे बरेच बोललो. तिने तो कुडता पुन्हा घातला नाही. आज मला माहीत आहे की इरकलीच्या पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, अंगाच्या ताण्याला एकेक फास गुंतवून जोडलेला असतो, आणि तो जोड जिथे येतो तिथला भाग तिने कापताना जसाच्या तसा, न उसवता, दंडावर घेतला होता. म्हणजे तिने ते लुगडे माझ्यापेक्षा अधिक काळजीने पाहिले होते. मागच्या दिवाळीत मी तिला हे बोलून दाखवले आणि माझी चूक कबूल केली. तो कुडता तिने टाकला नव्हता, ट्रंकेत तळाशी ठेवला होता.

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान येथे प्राडा या कंपनीने पुरुषांच्या पेहरावाच्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलांसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला त्यांच्या मुळाचा उल्लेखही केला नाही, तेव्हा आपल्याकडे मोठा संताप उसळला. टीकेनंतर कंपनीने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. तो संताप योग्यच होता आणि मीही त्यात सामील होतो. पण त्याच आठवड्यात मी माझ्या ओळखीच्या निवृत्त सहकाऱ्यांना विचारले, तेव्हा आम्हा अकरा जणांपैकी एकाच्याही पायात कोल्हापुरी नव्हती. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात. म्हणजे आमचा सांगली जिल्हाही तिचे माहेर आहे आणि मला ते ठाऊक नव्हते. मी कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत जाऊन कापशी जातीचा एक जोड घेतला. पहिले आठ दिवस चप्पल चावली. कारागिरांनी सांगितल्याप्रमाणे रोज रात्री पट्ट्यांना खोबरेल तेल लावत गेलो. तीन आठवड्यांनी तळव्यावर माझ्या अंगठ्याचा आणि टाचेचा ठसा उमटला आणि ती चप्पल दुसऱ्या कोणाची राहिली नाही. बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याला, खिळा न मारता, चामड्याच्याच वादीने शिवण घातलेली असते. हे मी आता पाहुण्यांना चप्पल उलटी करून दाखवतो.

यावर कोणी म्हणेल की शाळेच्या गणवेशाचे काय, शिस्तीचे काय. गणवेशाला माझा विरोध नाही. गरीब घरातल्या मुलाला तो झाकून घेतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. माझी हरकत आहे ती गणवेश नसतानाही तो चढवून बसण्याला, आणि जो चढवत नाही त्याला थिल्लर ठरवण्याला.

संपादक महोदय, आपल्याकडे माझी एक विनंती आहे. आपल्या पुरवणीत कपड्यांविषयी जे छापून येते, त्यात चित्रपटातील कलाकारांचे पोशाख आणि लग्नसराईच्या खरेदीची माहिती असते, आणि तीही बहुतेक स्त्रियांसाठी. कापड कसे ओळखावे, शर्टाचा खांदा कुठे बसावा, उसवलेले कसे दुरुस्त करून घ्यावे, आपल्या जिल्ह्यात काय विणले जाते आणि कोण विणते, हे सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत नियमाने छापले जावे. आमचे मास्तर एक्काहत्तर वर्षांचे आहेत. त्यांचे दोन्ही मुलगे या धंद्यात आले नाहीत, दुकानात पूर्वी चार मशीन चालत होत्या, आता एकच चालते. त्यांना जे येते ते त्यांच्याबरोबर जाऊ नये, असे मला फार वाटते. आपल्या वार्ताहराने एखादी सकाळ त्यांच्या दुकानात घालवावी. ते आनंदाने सगळे सांगतील.

आणि वाचकांनाही एक विनंती. मांजरपाट, लट्ठा, मलमल, पॉपलीन, छीट, पासोडी हे शब्द माझ्या आजीच्या बोलण्यात रोज येत असत. त्यांतल्या दोन-तीन कापडांचाच फरक आज मला सांगता येतो. आपल्या घरात कापडांची, रंगांची, शिवणीची जी नावे वापरली जात होती, ती कोणत्या गावची आणि कोणाच्या तोंडची हे नमूद करून या सदराकडे लिहून पाठवावीत. मी माझ्या आठवणीतली बावीस नावे वहीत उतरवून ठेवली आहेत आणि आपण म्हणाल तेव्हा पाठवून देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली